केस हातानं तपासले: होय

माझ्या आईचा मेंदू भिंतीवरच्या पडद्यावर होता आणि सर म्हणाले, "हा काढून टाका."

अमरावती. आमच्या संस्थेतली दुपारची मीटिंग. खिडक्यांचे पडदे ओढलेले, बिस्किटांची प्लेट फिरत असलेली. आम्ही सात-आठ जण. सर हातातल्या लाल उजेडानं आईच्या मेंदूभोवती गोल काढत होते. पडद्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर. आमच्या कामात माणसाचं नाव आधी काढून टाकतात, मग चित्रातला चेहराही पुसतात, म्हणजे डोकं कोणाचं ते कोणाला कळू नये. बारा नंबर म्हणजे माझी आई, हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं. मला आणि एमआरआयचं मशीन चालवणाऱ्या वर्षाला.

"अकोटच्या बारा बायकांपैकी अकरा जणींच्या मेंदूचा मागचा, पाहिलेलं समजण्याचा भाग मंद आहे," सर म्हणाले. "ही एकटीच नॉर्मल. म्हणजे या नोंदीत गडबड आहे. मला संशय येतो. आउटलायर म्हणून, गटात न बसणारी म्हणून काढा."

कोणीतरी विचारलं, हे फवारणीच्या औषधांमुळं का? अभ्यास त्याचाच होता. कापसावर जे फवारतात, त्यानं बायांच्या मेंदूवर काय होतं ते पाहायचं होतं. म्हणून बारा बाया अकोटच्या आणि तुलनेसाठी बारा अमरावतीतल्या कॉलनीतल्या.

"मलाही आधी तसंच वाटलं," सर म्हणाले. "पण यातल्या निम्म्या बायका फवारणीला कधी गेल्याच नाहीत. जिनिंगमध्ये असतात. त्यांच्यातही तेच दिसतंय. मग हे औषधाचं नाही. हे मुळातलंच असणार. पिढ्यान्‌पिढ्या जो भाग वापरलाच नाही, तो असाच राहणार ना."

एक जण हसला. बारीकसं. सर माझ्याकडे वळले आणि आवाज मऊ केला.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका हं. तुम्ही अपवाद आहात."

मी काय केलं? काही नाही. मान हलवली. हातातलं बिस्किट चहात जास्त वेळ राहिलं, तुटून कपात पडलं, ते मी चमच्यानं काढत बसले. सरांच्या बोलण्याचा राग मला नंतर आला. आधी आला तो माझ्या त्या मान हलवण्याचा, आणि तो अजून गेलेला नाही.

मी अकोटची. आई जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायची. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात एकच हुकूम होता, पोट्टं असो की पोट्टी, शाळेत जाईल. मी गेले. पुढं अकोल्याला एम.एस्सी. केलं, भौतिकशास्त्रात. रोज एसटीनं जाऊन-येऊन. मग लांबच्या शहरात पीएचडी, आणि मग इथं अमरावतीला संशोधक. तेही कराराचं पद, दर वर्षी मुदतवाढीचं पत्र लागतं आणि त्यावर सरांची सही लागते. संस्थेत मी 'मला' म्हणते. चिडले की तोंडात 'मले' येतं, म्हणून मी संस्थेत चिडत नसे.

माझं काम सांगते. एक मोठं चुंबक असतं, आत बोगदा. त्यात माणूस झोपतो. त्याच्या अंगातलं पाणी त्या चुंबकाला उत्तर देतं आणि त्या उत्तराचं चित्र होतं. माझं काम त्या चित्रावर संशय घेण्याचं. काळा डाग दिसला की लगेच रोग म्हणायचं नाही. माणूस हलला का? मशीन चुकलं का? आत कुठं लोखंड गेलं का? चित्र आपल्याशी खोटं बोलतंय असं धरूनच चालायचं. याचा मला पगार मिळतो.

खरं सांगू का, संशय मी शिक्षणाच्या आधीपासून घेते. कोणी म्हटलं, पूर्ण नाव काय हो तुमचं, की मला कळतं नावाचा कोणता तुकडा हवाय. कोणी म्हटलं, या ना घरी एकदा, की मी पाहते तारीख सांगतात का. सर तर पहिल्या दिवसापासून गोड. पाहुणे आले की मला पुढं करायचे. "या आमच्या अकोटच्या मॅडम. फार वर आल्या." मी मनात म्हणायची, कुठून वर? फोटोत मला मधे उभं करायचे. तो फोटो मग संस्थेच्या माहितीपत्रकावर. तेच सर एक दिवस म्हणाले, "तुमच्या ओळखीतल्या बायका मिळतील का अभ्यासाला? तुमच्यावर विश्वास ठेवतील त्या." तेव्हाही मला वास आला होता. पण फवारणीचं खरंच कोणीतरी पाहायला पाहिजे होतं. आमच्या गल्लीत चक्कर येऊन पडणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहिलेल्या. म्हणून मी हो म्हटलं. आईलाही घेतलं. ती जिनिंगवाल्यांत मोजली गेली.

चार-चार बाया, तीन दिवस. आई तिसऱ्या दिवशी आली. इस्त्रीची साडी, केस चापूनचोपून बांधलेले. मशीनच्या खोलीत जायच्या आधी एक तयारीची खोली असते, तिथं अंगावरचं सगळं लोखंड काढून घेतात. आई बावरली होती म्हणून मी स्वतः आत गेले. मंगळसूत्र काढलं, बांगड्यांना अडकवलेल्या पिना काढल्या, अंबाडा सोडला, रबर काढून माझ्या पर्समध्ये टाकला, केसांतून बोटं फिरवली.

"माय, आवाज लय होईल. घाबरू नको."

"जिनिंगपेक्षा जास्त हाय का?"

"तितकाच असेल."

"मंग झोप लागन मले."

आणि खरोखर झोपली. बाकीच्या तिघी बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहून हसले आणि काचेपलीकडं माझ्या खुर्चीत जाऊन बसले.

मीटिंगनंतर मी कामाला लागले. पहिला संशय कोणावर घेतला? माझ्यावरच. आईचं चित्र मीच बिघडवलं असेल. तिच्या वेळी काही बटण चुकलं असेल. आम्हाला तसंच वळण असतं, काही हरवलं की आधी आपलेच खिसे उलटे करून दाखवायचे. सगळं तपासलं. रोज सकाळी मशीनमध्ये पाण्यानं भरलेला एक गोळा ठेवून चित्र काढतात. गोळ्याचं चित्र ठीक तर मशीन ठीक. तिन्ही दिवसांचा गोळा ठीक होता. आईचं चित्र ठीक होतं. मग मी बाकी अकरा जणींची कच्ची चित्रं उघडली.

सर कच्ची चित्रं पाहत नाहीत. ते हाताखालच्यांचं काम. सरांपुढं जातं ते सोललेलं चित्र. कॉम्प्युटरचा एक प्रोग्राम कातडी, केस, कवटी सगळं कापून टाकतो, भुईमुगाच्या शेंगेची फोलपटं काढावी तसं, आणि आतला मेंदू तेवढा ठेवतो. मी फोलपटासकट पाहिलं. डोक्याच्या मागं, मानेच्या थोडं वर, कवटीच्याही बाहेर, एक काळं भोक. कडेला पांढरी चमक. मेंदूचं काम पाहायला झपझप काढायची जी चित्रं असतात, त्यांच्यात तर ते भोक चांगलं लिंबाएवढं झालेलं आणि त्याची सावली मेंदूच्या मागच्या भागावर पडलेली. एकीत नाही, दोघींत नाही. अकराही जणींत.

माय व! हे लोखंड आहे.

मेंदूत काहीच नव्हतं. बाहेर होतं. प्रोग्रामनं बाहेरचं कापून फेकलं आणि सावली तेवढी शिल्लक राहिली, तिलाच सर मुळातलं म्हणत होते.

मी फॉर्म काढले. प्रत्येक बाईचा एक फॉर्म असतो. त्यात ओळ आहे, 'केस हातानं तपासले: होय / नाही'. अकराही फॉर्मवर 'होय' वर खूण. वर्षाच्या हातची. खाली सरांची सही. आता मला कोणावर संशय आला सांगू? बायांवर. ताईत लपवला असेल केसात, नवस-बिवस असेल, सांगितलं नसेल. एक मिनिटभर मी सरांच्या खुर्चीत बसले होते. आपल्याच बाया खोटं बोलल्या असतील असं मला इतक्या पटकन वाटलं, याची लाज मी इथं लिहून ठेवते.

रविवारी अकोटला गेले. सुमनमावशी आमच्या गल्लीतली, आईची जिनिंगमधली जोडीदारीण. ती पहिल्या दिवशीच्या चौघींत होती. दारात तुरीची डाळ निवडत बसली होती.

"मावशी, त्या दिवशी केसात काही होतं का? ताईत, आकडा, पिन?"

"काई नाई व. आकडे तं घरीच ठेवले होते. तूनंच सांगतलं होतं ना. नवा रबर लावला होता फक्त."

"कोणता रबर?"

मावशीनं मान वळवली आणि अंबाड्यात बोट घालून रबर ओढून काढला. काळा. दोन टोकं जोडायला चकचकीत पत्र्याची बारीक कडी, तांदळाच्या दाण्याएवढी.

"मोठ्या दवाखान्यात जाचं म्हनून बसस्टँडवरून घेतले. तुह्या मायनंच घेतले. एका पुठ्ठ्यावर बारा होते. बारा जनींले बारा. म्हने, शहरात जाचं तं नीट दिसलं पाह्यजे."

मी तो दाणा पाहत राहिले. यानं जीव जात नाही. पण चित्राचं वाटोळं करायला एवढं पुष्कळ आहे.

"तिथं केस सोडायला नाही लावले कोणी?"

"कोन लावते! त्या पोरीनं दुरूनच ते दांडकं फिरवलं. म्हने लोखंड हाय का. मी म्हनलं नाई. आता रबराले लोखंड अस्ते हे मले काय मालूम! हात नाई लावला तिनं डोक्याले. आमच्यातल्या कोनाच्याच नाई लावला." मग माझ्याकडं न पाहता डाळीतला खडा उचलून फेकला. "तुह्या मायच्या डोक्याले तू होती."

ते लोखंड शोधायचं दांडकं केसांना लागून फिरवलं तर कुंई करतं. हातभर लांबून फिरवलं तर गप्प राहतं. ते फिरवून झालं तरी शेवटी बोटांनी केस तपासायचेच, असा नियम आहे. म्हणून तर फॉर्मवर ती ओळ आहे.

मी उठले तेव्हा फळीवर पाटी दिसली. डब्यांच्या मागं, उलटी टाकलेली. मावशी पन्नाशीत वाचायला शिकत होती. नातीनं शिकवलेलं. एसटीची पाटी वाचायची, दुकानाचं नाव वाचायची, आणि वाचलं की बोट दाखवून आख्ख्या गल्लीला सांगायची.

"पाटी काहून वर टाकली मावशी?"

"आता काहून शिकू? कागद आला ना तुमच्याकडून. आशावाल्या बाईनं वाचून दाखवला. माह्या डोक्याचा मांगचा भाग कमजोर हाय म्हने. पाह्यलेलं समजाचा भाग." ती हसली. "मी म्हनलं बरोबर हाय. म्हनूनच थे जोडाक्षर माह्यासमोर गरगर फिरते."

कागद गेला होता. सरांनी धाडला, मला न सांगता. अकराही घरी. लेख छापून यायच्या आधी, कोणी कच्चं चित्र पाहायच्या आधी, गठ्ठ्यानं इंग्रजीत छापलेले कागद अकोटला पोचले होते. मी चहा न घेताच निघाले.

बसमध्ये पर्स उघडली. आईचा रबर तिथंच होता, त्या दिवसापासून, पेनांच्या आणि तिकिटांच्या खाली. तो बोटात घातला आणि दर्यापूर येईस्तोवर ताणत-सोडत बसले. आणि मला शाळा आठवली.

अकोटची शाळा. तिसरी असेल. दर शनिवारी डोकं तपासायचे, उवा आहेत का म्हणून. बाई ओळीनं यायच्या. पुढच्या बाकांवरच्या मुलींचे केस बोटांनी बाजूला करून पाहायच्या. आमच्या बाकाजवळ आल्या की कानामागची पेन्सिल काढायच्या. पेन्सिलीच्या टोकानं माझी वेणी उचलायच्या. पाहायच्या, सोडायच्या, पेन्सिल रुमालाला पुसायच्या. एकदा म्हणाल्या, "घरी सांग, डोकं धुत जा." माझं डोकं त्याच दिवशी सकाळी धुतलेलं होतं, शिकेकाईनं. केस ओले होते अजून. मी घरी येऊन सांगितलं तर आई म्हणाली, "उद्या तिले इचार, पेन्सिलीले दिसते का." मी नाही विचारलं. तेव्हाही मान हलवली होती.

पेन्सिलीचं दांडकं झालं. आता कोणी म्हणेल, ही जुनं उकरून जोडते, हिला सगळीकडं तेच दिसतं. म्हणो बापडे. मी जोडणारच. चित्र जुळतंय की नाही ते पाहण्याचंच माझं काम आहे.

सोमवारी वर्षाला गाठलं. ती अमरावतीचीच, माझ्याहून चार वर्षांनी लहान, कामात चोख. एका डब्यात जेवायचो आम्ही. म्हणजे मी तसं समजत होते. त्या दिवशी आठवून पाहिलं तर ती नेहमी भाजी माझ्या डब्याच्या झाकणावर वाढायची. माझी भाजी तिनं कधी घेतल्याचं मला आठवेना. पोट भरलंय म्हणायची.

"अकरा जणींचे केस तू तपासले नाहीस. खूण केलीस."

तिनं दाराकडं पाहिलं. "वेळ नव्हता."

"कॉलनीतल्या बारा जणींचे तपासलेस. क्लिपा काढून डबीत ठेवल्यास. ती डबी मी पाहिली आहे."

"त्या धुऊन आल्या होत्या."

"ह्याही धुऊन आल्या होत्या. नवे रबर घेऊन आल्या होत्या तुझ्याकडं यायचं म्हणून."

ती एकदम उसळली. "तुझ्या आईचे तू सोडलेस ना? तेव्हा तिघी बाकावर बसल्या होत्या. त्यांचे काहून नाही सोडले तू? मी एकटीच का?"

थोबाडीत बसली मला. उत्तर आता लिहिते. काचेच्या अलीकडं मी मॅडम होते. बाकावर बसून एकेकीचा अंबाडा सोडत बसले असते तर सगळ्यांना दिसलं असतं की मी त्यांच्यातली आहे. मला दिसायचं नव्हतं. आईपुरतं धाडस केलं आणि आत पळाले.

"उद्या सकाळी गोळा झाला की मी झोपते मशीनमध्ये," मी म्हटलं. "एकदा रबर लावून, एकदा काढून. तू चित्र काढ."

"माझ्या अंगावर येईल हे."

"येईल. मावशीच्या अंगावर आलंच आहे."

ती आली. तिला नाही म्हणता आलं असतं, तरी आली, हे मी नाकारत नाही. पहिल्यांदा आईचा रबर लावून गेले. आवाज सुरू झाला, डोळे मिटले, आणि मला आईची झोप आठवली. मग टेबल बाहेर आलं. मी उठून बसले, तिच्याकडं पाठ केली.

"आता तू सोड."

ती थांबली. मग तिची बोटं माझ्या केसांत आली. रबर निघाला. तिनं केसांतून बोटं फिरवली, वरपासून खालपर्यंत, नियमात लिहिलंय तशी. मशीनमध्ये डोकं ज्या साच्यात ठेवतात त्यावर छोटा आरसा असतो, तो हातात घेऊन मी तिचा चेहरा पाहत होते. तिनं श्वास धरून ठेवला होता का? मला वाटलं, नाही. परत वाटलं, हो. मला अजून खात्री नाही, आणि तिला विचारायचीही इच्छा नाही.

पुढच्या मीटिंगमध्ये मी चित्रं दाखवायला पडदा मागून घेतला. तीच बिस्किटं. सोललेलं चित्र लावलं.

"सर, आणखी एक बाई. मागचा भाग मंद. अकरा जणींसारखाच."

सर पुढं झुकले. "वा. अगदी तसंच. ही नवीन का? हीसुद्धा अकोटची?"

"अकोटचीच. मी आहे."

मी दुसरं चित्र लावलं. "हीसुद्धा मीच. दहा मिनिटांनंतर. आता सगळं ठीक आहे." रबर टेबलावर ठेवला, बिस्किटांच्या प्लेटीजवळ. "पहिल्या चित्रात हा माझ्या केसात होता. त्या अकरा जणींच्याही होता. बारा नंबर माझी आई आहे. तिचा मी काढला होता. म्हणून ती आउटलायर."

त्या दिवशी कोणी हसलं नाही.

सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. मी कप तसाच राहू दिला.

"छान पकडलंत तुम्ही," सर म्हणाले. "आपण लिहू, तांत्रिक त्रुटीमुळे अकरा नोंदी बाद. नवे स्कॅन घेऊ. लेखावर पहिलं नाव तुमचं."

पहिलं नाव! लोक आयुष्य घालवतात त्याच्यासाठी. माझंही मन हललं, का खोटं बोलू. पण मग लक्षात आलं, माझ्या तोंडाला पानं पुसून राहिले हे.

"तांत्रिक नाही सर. मशीनची काही चूक नाही. अकोटच्या बायांच्या केसांना हात लावला नाही, कॉलनीतल्या बायांच्या लावला. हे लेखात लिहायचं. आणि त्या अकरा घरी दुसरा कागद जाईल, मराठीत, हेच लिहून."

"वर्षावर कारवाई करू आपण."

"वर्षानं खूण केली. खाली सही तुमची आहे. अकराही फॉर्मवर."

त्यांचा चेहरा बदलला. मऊपणा गेला. "हे विज्ञान आहे. यात जात आणू नका."

"मी कशाला आणू? चित्रातच आलेली हाय ना थे."

"संस्थेचं नाव जाईल. आणि तुमच्या मुदतवाढीचं पत्र माझ्याकडं सहीला आहे, हे तुम्हाला माहीत असेलच."

"मालूम हाय मले," मी म्हटलं. संस्थेत पहिल्यांदा. "सही करा का नका करू. पन माह्या मायचा मेंदू गडबड नाई, अन् मी अपवाद नाई. तुमी आमच्या डोक्याले हात नाई लावला, एवढंच तुमच्या अभ्यासात निघालं."

बाहेर आले तेव्हा शौर्य वगैरे काही वाटलं नाही. नोकरी जाणार, एवढंच वाटलं. त्याच दिवशी मी संस्थेच्या नीती समितीला पत्र दिलं, दोन्ही चित्रं आणि अकरा फॉर्मच्या प्रती जोडून. पोच घेतली. पोचेवरचा शिक्का नीट उमटला नव्हता, तर परत मारून मागितला.

मग अकोट. मला वाटलं होतं, मावशीला सांगितलं की तिचा जीव भांड्यात पडेल.

"मावशी, चूक आमची होती. तुमच्या डोक्यात काही खोट नाही. रबराची सावली होती ती."

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "हे तूच सांगून राहिली. तो कागद बी तुमीच धाडला होता."

"पुन्हा एकदा चला. या वेळी सगळ्यांचे केस मी सोडते. माझ्या हातानं."

"नाई येत. एकदा आलो तं डोकं खराब निघालं. आता आलो तं चांगलं निघन. तुमी म्हनसान तसं माह्यं डोकं, का व?"

आई बाजूला बसली होती. ती माझ्या बाजूनं एक शब्द बोलली नाही.

"लेखी आन," मावशी म्हणाली. "चूक काय झाली, कोनी केली, सारं लेखी. सायबाच्या सहीनं. अन् तू वाचून नको दाखवू. त्या आशावालीनं बी नाई. मीच वाचीन. मंग ठरवीन तुले घरात घ्याचं का नाई."

मी फळीकडं पाहिलं. पाटी तिथंच होती, उलटी.

कागद मी लिहिला आहे. जोडाक्षरं जितकी टाळता आली तितकी टाळून, मोठ्या अक्षरात. 'अकोटच्या अकरा बायांच्या केसांना आमी हात लावला नाही. त्यामुळं फोटो चुकले. बायांचं डोकं ठीक आहे. चूक आमची आहे.' सर म्हणतात, पहिली ओळ काढा, बाकीवर सही करतो. तीन वेळा कागद परत आला, तीन वेळा मी तोच परत टेबलावर ठेवला. मुदतवाढीचं पत्र अजून आलेलं नाही. समितीकडून 'विचाराधीन' एवढा एक शब्द आला आहे, आणि त्या शब्दावर माझा काडीचा विश्वास नाही.

तोवर मी तयारीच्या खोलीत उभी राहते. मशीनमध्ये जाणारं प्रत्येक डोकं, कॉलनीतलं असो की गल्लीतलं, मी बोटांनी तपासते आणि मगच खूण करते. उद्या मला काढलं तर बाहेरून लिहीन. पर्समध्ये आईचा रबर आहे, दोन चित्रं आहेत, पोच आहे. पहिली ओळ मी काढणार नाही.